घाटापलीकडचे घर

सुट्टी जवळ आली की घरोघरी एकच प्रश्न निघतो, यंदा कुठे जायचे? मग हॉटेलांचे भाव काढले जातात, मुलांच्या परीक्षा, पाहुण्यांची लग्ने आणि खिशातले पैसे यांचा मेळ घातला जातो आणि शेवटी बेत बारगळतो. आमचा अनुभव असा की ‘कुठे जायचे’ याऐवजी ‘कोणाकडे जायचे’ असे विचारले तर उत्तर लवकर सापडते. आपल्या प्रत्येकाचे कोणी ना कोणी सकाळी निघून रात्री परत येण्याच्या अंतरावर राहत असते. त्यांच्याकडे गेलो की मुलाकात होते, आणि वाटेतला मुलूख फुकट पाहायला मिळतो.

आम्ही कऱ्हाडचे. आमच्या बी.एड.च्या वर्गातल्या एक आपा लग्न होऊन चिपळूणला गेल्या आणि तिथल्याच शाळेत शिक्षिका झाल्या. वीस वर्षांहून अधिक काळ दोन्ही घरांचे जाणे-येणे आहे. मध्ये कुंभार्ली घाट आहे, पण अंतर म्हणाल तर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. जानेवारीतल्या एका रविवारी फजरची नमाज झाल्यावर आम्ही निघालो. सोबत आठवीतली मुलगी, पाचवीतला मुलगा, डब्यात शेंगदाण्याची चटणी, पिशवीत ज्वारीचे पीठ आणि नव्या हंगामाच्या गुळाची एक ढेप. कोकणात भाताची कमी नाही, पण आपांच्या माहेरची आठवण ज्वारीच्या भाकरीत आहे.

यावेळच्या जाण्याला आणखी एक कारण होते. आपांचे घर विकायचे की ठेवायचे, याचा विचार त्यांच्याकडे चालू होता. त्याबद्दल पुढे येईलच.

काळ्या मातीतून

कऱ्हाडात कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. दोन नद्या अशा एकमेकींच्या तोंडावर येऊन भेटण्याचे दृश्य फारसे कुठे दिसत नाही, म्हणून त्याला प्रीतिसंगम म्हणतात. तिथेच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. गावात आदिलशाही काळातल्या मशिदीचे दोन उंच मनोरे आहेत. आम्ही लहानपणापासून ते पाहत आलो. पण ते इथेच का उभे राहिले, हे चिपळूणच्या रस्त्याला लागल्याशिवाय नीट कळत नाही.

हा रस्ता आज गुहागर–विजापूर महामार्ग म्हणून ओळखला जातो. तो नवा असला तरी ही वाट फार जुनी आहे. वाशिष्ठीच्या मुखाशी असलेले दाभोळ हे बहमनी आणि पुढे आदिलशाही काळातले मोठे बंदर. अरबस्तान-इराणकडून जहाजांतून घोडे यायचे, देशावरचे कापड बाहेर जायचे. हा माल खाडीतून चिपळूणपर्यंत, तिथून बैलांच्या पाठीवर कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला आणि कऱ्हाडहून विजापूरकडे जात असे. कऱ्हाडचे मनोरे या वाटेवर आहेत आणि दाभोळच्या किनाऱ्यावरची घुमटाची शाही मशीद याच वाटेच्या दुसऱ्या टोकाला आहे. मुलांना हे सांगितल्यावर मुलाने विचारले, “म्हणजे आपण घोड्यांच्या उलट दिशेने चाललोय?” उत्तर अगदी बरोबर होते.

पाटणपर्यंतचा रस्ता कोयनेच्या सोबतीने जातो. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि ऊस. जानेवारी म्हणजे गळिताचा हंगाम, त्यामुळे रस्त्यावर उसाने लादलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या, शेतात तोडीच्या टोळ्या, बांधावर पाचटाच्या खोपी. त्या खोपींसमोर थंडीत शेकत बसलेली लहान मुले दिसली तेव्हा आमची मुलगी गप्प झाली. ही मुले शाळेत कधी जातात, असे तिने विचारले. काहींसाठी साखरशाळा असतात, काहींचे वर्ष वाया जाते, एवढेच सांगता आले. सफरीला निघालो म्हणजे फक्त सुंदर तेवढेच दिसेल असे नाही, आणि दिसले ते मुलांपासून झाकूही नये.

मल्हारपेठेनंतर दरी अरुंद होऊ लागते. ऊस कमी होतो, भाताची कापलेली खाचरे दिसू लागतात. दूर डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या फिरत असतात. कऱ्हाडला वर्षाकाठी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पुढच्या कोयनानगरला 4000 ते 5000 मिलिमीटर, कधी त्याहूनही अधिक. दोन गावांत साठ किलोमीटरचेही अंतर नाही. पावसाच्या नकाशावरच्या ज्या रंगीत पट्ट्या वर्गात आम्ही खडूने काढतो, त्या इथे गाडीच्या खिडकीतून सरकत जातात. पिके बदलली, छपरांचा उतार वाढला, झाडांची दाटी वाढली की समजावे, पट्टी बदलली.

नदी जिथे वळते

हेळवाकजवळ आम्ही गाडी थांबवली. नकाशा सोबत होता, मोबाइलमधला नव्हे, भिंतीवर लावतात तसला कागदी. बॉनेटवर तो पसरून मुलांना कोयनेवर बोट फिरवायला सांगितले. महाबळेश्वरला उगम पावून ती दक्षिणेकडे सरळ वाहत येते, आणि हेळवाकपाशी एकदम पूर्वेला वळते. कोकणाचा कडा इथून अगदी जवळ आहे. थोडी पुढे सरकली असती तर नदी कड्यावरून खाली कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळाली असती. पण ती वळते, कऱ्हाडला कृष्णेत मिसळते आणि आंध्रातून बंगालच्या उपसागरात जाते. उजवीकडे समुद्र हाकेच्या अंतरावर असताना ती सारे दख्खन ओलांडून जाते.

या वळणाच्या वरच्या अंगाला कोयना धरण आहे. त्याच्या जलाशयाचे नाव शिवसागर, साठवणक्षमता 105 टीएमसीच्या वर. धरण भरते तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 2163 फुटांच्या घरात असते, आणि डोंगराच्या पलीकडचे कोकण मात्र जवळजवळ समुद्राच्या पातळीला. अभियंत्यांनी हेच हेरले. डोंगराच्या पोटातून बोगदे काढून पाणी पश्चिमेकडे वळवले, पोफळीला भूगर्भात वीजगृह बांधले, आणि पुढे टप्प्याटप्प्याने प्रकल्पाची क्षमता 1960 मेगावॅटपर्यंत नेली. पूर्वेकडे जाणाऱ्या नदीचे वर्षाला 67.5 टीएमसीपर्यंत पाणी पश्चिमेकडे वळवायला कृष्णा पाणीवाटप लवादाने मान्यता दिलेली आहे. वीज तयार करून झाली की हे पाणी वाशिष्ठीत सोडले जाते.

या वैभवाची किंमतही मुलांना सांगायला हवी. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे इथे मोठा भूकंप झाला. माणसे दगावली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले. आमच्याकडे त्या पिढीतली माणसे आजही ‘भूकंपाच्या आधी, भूकंपाच्या नंतर’ असा काळ मोजतात. आणि जलाशयाखाली गावेच्या गावे गेली. तिथली माणसे सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशी लांब लांब पांगली. आमच्या शाळेतल्या शिपाईकाकांचे मूळ गाव पाण्याखाली आहे. त्यांचा जन्म पुनर्वसनाच्या वसाहतीतला, तरी कोणी गाव विचारले की ते बुडालेल्या गावाचेच नाव सांगतात. मुलीला ही गोष्ट माहीत होती, पण निळे पाणी समोर दिसल्यावर ती म्हणाली, “काकांचं घर याच्यात कुठेतरी आहे ना?”

घाट

कुंभार्लीचा माथा गाठेपर्यंत हवा थंड आणि कोरडी होती. घाट उतरू लागलो तशी ती दमट, उबदार झाली. मुलांनी स्वेटर काढले. माथ्यावर गवत वाळून पिवळे पडलेले, पण घळींमध्ये हिरवेगार दाट रान. एका वळणावर थांबून खाली पाहिले तर कोकण धुक्यात बुडालेले, आणि वरून गेलेल्या विजेच्या जाड तारा एकामागून एक डोंगर ओलांडत होत्या. माकडांना खायला देऊ नका, असे आम्ही मुलांना बजावले होते. शेजारच्या गाडीतल्या मंडळींनी केळी काढली आणि दोन मिनिटांत माकडे त्यांच्या टपावर होती. वेगळा धडा द्यायची गरज उरली नाही.

घाट उतरल्यावर जमिनीचा रंगच बदलतो. रस्त्याच्या कडेला तांबडा, भोकाभोकांचा जांभा दगड. घरे त्याचीच, कुंपणे त्याचीच, विहिरीही त्याच्याच. मुलाला वाटले हा अगदी वेगळ्या जातीचा खडक असणार. पण गंमत अशी की कऱ्हाडची काळी माती आणि हा तांबडा जांभा एकाच काळ्या खडकाची, बेसाल्टची, लेकरे आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून तो खडक तयार झाला. जिथे पाऊस कमी तिथे तो झिजून काळी, ओल धरून ठेवणारी माती झाली. जिथे पाऊस धो धो, तिथे हजारो-लाखो वर्षांत बाकीचे सारे धुपून गेले आणि लोखंड, ॲल्युमिनियम मागे राहिले. तोच जांभा. लोखंडाला गंज चढतो तसा त्याला हा तांबूस रंग. काळ्या मातीत ऊस आणि ज्वारी, जांभ्यावर काजू आणि हापूस. जानेवारीत आंबे मोहरलेले असतात, काजूही फुलावर आलेला असतो, त्यामुळे खिडकी उघडली की गोडसर वास आत येतो.

आपांच्या घरी

साडेदहाच्या सुमारास चिपळूणला पोहोचलो. आपांचे घर गोवळकोटच्या बाजूला, नदीपासून जवळ. दारात पाऊल टाकताच नाश्ता तयार: घावणे, नारळाचा रस आणि सांदण. दुपारच्या दस्तरखानावर तांदळाची भाकरी, कोळंबी आणि तिसऱ्यांचे सुके. आम्ही नेलेल्या पिठाच्या दोन भाकऱ्या आपांनी लगेच थापल्या. भाईसाहेबांना त्या चावेनात, आपा मात्र चटणीबरोबर मिटक्या मारत खात होत्या.

जेवणानंतर भाईसाहेबांनी आम्हाला भिंतीवरची एक रेघ दाखवली. रंग नवा दिला आहे, पण ती रेघ मुद्दाम ठेवली आहे. 22 जुलै 2021 च्या पुरात पाणी तिथपर्यंत आले होते. रेघ आमच्या डोक्याच्या वर होती. त्या दिवशी डोंगरात अतिवृष्टी, खाडीला भरती आणि मध्ये चिपळूण. बाजारपेठेतले तळमजले बुडाले, दुकानांतला माल गेला. आपांच्या घरातले धान्य, शिलाईचे यंत्र, सासऱ्यांनी जमवलेली उर्दू पुस्तकांची दोन कपाटे, मुलांची प्रमाणपत्रे, सगळ्यावर चिखल. घरातली माणसे माळ्यावर रात्रभर बसून होती. सुखरूप राहिली, हे मोठे.

तेव्हापासून आखातात नोकरी करणारा थोरला मुलगा म्हणतो, हे घर विका आणि मुंब्र्याला फ्लॅट घ्या. नात्यातली बरीच घरे तिकडे गेली आहेत. त्याचे म्हणणे खोटे नाही. तो परदेशात असतो, जुलै लागला की त्याला रात्री झोप येत नाही, सारखे फोन करतो. दुसरीकडे आपांच्या सासूबाई, ज्यांना सारे घर दादी म्हणते, त्या ऐकायला तयार नाहीत. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. “पाणी आलं, पाणी गेलं. मी कुठं जाऊ?” एवढेच त्या म्हणतात. आणि आपा मध्ये. एका बाजूला लेकाची काळजी, दुसऱ्या बाजूला सासूचा जीव, आणि स्वतःची शाळा, जिथे निवृत्तीला अजून बरीच वर्षे आहेत.

आम्ही सल्ला दिला नाही. मागितलाही नव्हता. अशा वेळी मेहमानाचे काम ऐकण्याचे असते. पण मुलीने शाळेतल्या शिपाईकाकांची गोष्ट दादींना सांगितली: त्यांचे गाव आमच्या बाजूला धरणाखाली गेले, आणि त्या धरणाचे पाणी तुमच्या नदीतून वाहते. दादींना हे नवीन नव्हते. त्या म्हणाल्या, पूर्वी मे महिन्यात वाशिष्ठीत जागोजागी वाळू उघडी पडायची, लहानपणी त्या ती चालत ओलांडायच्या. धरणाचे पाणी येऊ लागल्यापासून ती उन्हाळ्यातही आटत नाही. “तुमच्याकडचंच पाणी पितो आम्ही,” असे म्हणून त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. नंतर बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग विचारले, “त्या काकांना गाव बघायला मिळतं का कधी?” उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेले तर काही ठिकाणी जुन्या खुणा दिसतात, असे आम्ही सांगितले. त्यांनी नुसती मान हलवली.

खाडीवर

जोहरनंतर भाईसाहेब आम्हाला खाडीवर घेऊन गेले. ओहोटी होती. वाशिष्ठी इथे नदी कमी आणि खाडी जास्त असते. पाणी मचूळ, दोन्ही काठांना कांदळवन, मागे भातकापणी झालेली खाजणे आणि माडांच्या रांगा. बाजूच्या टेकडीवर गोवळकोटचा किल्ला. होडीने थोडे आत गेलो आणि नावाड्याने वल्हे थांबवले. समोरच्या चिखलाच्या काठावर ओंडक्यासारखी पडलेली मगर! थंडीत ओहोटीच्या वेळी मगरी अशा ऊन खायला बाहेर येतात. मुलगा श्वास रोखून बसला. थोड्या वेळाने ती सरपटत पाण्यात शिरली आणि मागे चिखलावर एक गुळगुळीत पन्हाळी तेवढी उरली.

भाईसाहेबांचे आजोबा याच खाडीत मालाची गलबते चालवत. दाभोळहून भरतीबरोबर वर यायचे आणि ओहोटीबरोबर खाली जायचे. भरती-ओहोटीचे वेळापत्रक त्यांना तोंडपाठ असे. भाईसाहेबांनी ते पुरानंतर पुन्हा शिकून घेतले. आता पावसाळ्यात घराच्या दाराआड भरतीच्या वेळा लिहिलेला कागद चिकटवलेला असतो. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की सामान वर हलवायचे. आजोबांनी रोजीरोटीसाठी शिकलेली गोष्ट नातवाला घर वाचवण्यासाठी लागते आहे.

परतताना

असर आटोपून आम्ही निघालो, कारण घाट उजेडात चढलेला बरा. गाडीत नारळ, आमसुले, फणसाची साठे आणि सुक्या मासळीचे एक घट्ट बांधलेले पुडके, ज्याचा वास तरीही कऱ्हाडपर्यंत सोबत आला. दारात निरोप घेताना आपांनी सांगितले की तूर्त एवढे ठरले आहे: घर विकायचे नाही, पण स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर न्यायचे, धान्य आणि कागदपत्रे वर ठेवायची, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दादींना बहिणीकडे उंचावरच्या वाडीत ठेवायचे. एक पावसाळा असा काढून पाहायचा. मुलाने त्याला नाखुशीने होकार दिला आहे. पुढे काय होईल, अल्लाह जाणे. पण निर्णय पळून जाऊन घेतलेला नाही आणि हट्टाने धरून ठेवलेलाही नाही, याचे आम्हाला बरे वाटले.

आता वाचकांसाठी थोडे व्यवहाराचे. आपल्यालाही अशी एक दिवसाची सफर करायची असेल तर चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहाटे निघावे आणि घाटाचा रस्ता दिवसाउजेडी पार करावा. पावसाळ्यात दरडी आणि धुके असते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. कागदी नकाशा सोबत ठेवावा आणि मुलांच्या हाती द्यावा, म्हणजे नदी कुठून आली आणि कुठे गेली हे त्यांचे त्यांनाच शोधता येते. वाटेत तीनदाच थांबावे, पण प्रत्येक ठिकाणी खाली उतरून माती हातात घ्यावी. आमच्या मुलांनी तीन छोट्या बरण्यांत कऱ्हाडची काळी, पाटणची तपकिरी आणि चिपळूणची तांबडी माती भरून आणली. ती आता वर्गाच्या खिडकीत आहे, आणि सातवीला खडक शिकवताना फळ्यावरच्या आकृतीपेक्षा तिचाच उपयोग अधिक होतो.

चौथी गोष्ट म्हणजे ज्यांच्याकडे जायचे त्यांना आधी कळवून जावे, पण फार दिवस लांबवू नये. ‘मे महिन्यात बघू’, ‘पुढच्या वर्षी नक्की’ असे म्हणता म्हणता घरे विकली जातात, वडीलधारी माणसे निघून जातात आणि पत्ता बदलतो. मुलूख जागेवर राहतो, पण आपल्याला तिथे नाश्त्याला बसवणारे कोणी उरत नाही. आम्ही जूनच्या आधी पुन्हा जाणार आहोत. आपांचे स्वयंपाकघर तोवर वर गेलेले असेल, आणि जड पेट्या उचलायला चार हात जास्त लागतील.